निर्जळी मामीचं व्रत

पहाटे पदर कमरेला खोचून मामी उसाच्या रानाकडे निघाली, की दुपार कलल्यावर परत घरात पाऊल टाकेपर्यंत तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब जात नसे. आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावच्या उन्हात उसाची पानंही कडेनं करपायला लागतात, त्या दिवसांतही नाही. "दिलो! दिलो!" म्हणजे पाणी, पाणी, अशी हाळी देत पाणीवाली बाई डबा घेऊन रांगेतून फिरायची, बायका हातातलं काम टाकून ओंजळी पुढे करायच्या. मामीपाशी डबा आला की ती तळहात आडवा धरायची आणि मान हलवायची. बोलायची काहीच नाही. त्या आडव्या हातावर आमच्या वस्तीनं एक आख्खं पुराण रचलं होतं.

कुणी म्हणे, मामाला ताप भरून तो हातचा जायला लागला होता तेव्हाचा हा नवस. कुणी म्हणे, पहिलं मूल गेलं आणि किसना पोटात राहिला, तेव्हापासूनचं व्रत. भोजपुरी बोलणाऱ्या शेजारणी तिला निर्जला माई म्हणत, आम्ही मराठी माणसं निर्जळी मामी. ती माझ्या आईच्या भावाची बायको, म्हणजे माझी सख्खी मामी. पण मामी ती सगळ्यांचीच झाली होती. लग्न ठरलेल्या मुलींना आया तिच्या पाया पडायला घेऊन येत. गणपती नदीवर न्यायचा तेव्हा सर्वांत पुढचा कलश तिच्या डोक्यावर असे. मी लहानपणी विचारलं होतं, "मामी, तुझं व्रत कुठल्या देवाचं?"

"सांगितलं तर लागू पडायचं न्हाय, बाय," ती म्हणाली आणि माझ्या तोंडात चिंचेचा गोळा कोंबला.

एरवी तिच्यात देवपण औषधालाही नव्हतं. ती नकला करायची. इस्टेटीच्या, म्हणजे उसाच्या मळ्याच्या, व्यवस्थापकाची बायको चिखलातून कशी चालते, देवळाचे अप्पा आरतीत कुठे शब्द विसरतात आणि तिथे कसे खोकतात, हे ती अंगणात करून दाखवायची तेव्हा आम्ही पोरं जमिनीवर लोळायचो. सिरदार, म्हणजे आमच्या बायकांच्या टोळीवरचा मुकादम, काठी बगलेत धरून ओरडायचा. त्याची नक्कल मात्र ती कधी करत नसे. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "त्याचा आवाज दिवसभर ऐकते ना? घरात कशाला आणू?" ही एकच गोष्ट ती हसून बोलत नसे.

आणि तिचं पोट. त्याबद्दल बोलायला तिला काडीची लाज नव्हती, निदान घरात तरी. "माझ्या पोटात मिल बसवलीय," ती सांगायची, "पर ऊस आत जातो, साखर काय बाहेर येत न्हाय." दिवस दिवस कोठा हलायचा नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, कळा यायच्या, त्या कळांनी ती चुलीपुढे बसल्या बसल्या दुहेरी व्हायची. मग अचानक एखाद्या सकाळी सगळं पाण्यासारखं. त्यानंतर पुन्हा टाळं. शनिवारी संध्याकाळी ती एरंडेल घ्यायची, ते भागेनासं झालं तेव्हा सोनामुखीचा काढा, आणि ते दोन्ही थकले तेव्हा दोन्ही एकत्र. रविवार हा मामीच्या घरी देवाचा वार नव्हता, पोटाचा वार होता. मागच्या झापाच्या संडासाकडे त्या दिवशी कुणी फिरकायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद असे. मामा ओसरीवर बसून पाहुण्यांना परतवून लावायचा. सोमवारी पहाटे ती पांढरीफटक, पण पदर खोचून तयार.

इस्टेटीच्या दवाखान्यात जाऊन उपयोग नव्हता. तिथे कुठल्याही मजुराला, ताप असो, पाय मुरगळलेला असो, आधी एक पेला रेचक मीठ पाजत. त्यामागे एक हिशेब होता, आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ होता: आजारपणाचं सोंग घेणारा माणूस तो पेला बघून परत कामावर जाईल. खरा आजारी असणाऱ्याचं काय होईल, हा त्यांचा प्रश्न नव्हता. माणसाला आतून ढवळून काढायचं आणि त्याला उपचार म्हणायचं! पन्नास-साठ वर्षं हे चाललं आणि आमच्या लोकांनी घरीसुद्धा तीच रीत उचलली. पोटाचं काहीही झालं की रेच.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील बैठकेत मजुरांच्या चळवळीची पत्रकं वाचून दाखवत. बैठक म्हणजे आमच्याकडे संध्याकाळची शाळा, भजनाची जागा आणि चावडी, सगळं एकाच पत्र्याच्या छपराखाली. मजुरी, कामाचे तास, मताचा हक्क, आमच्या भाषेची शाळा. उरलेली पत्रकं घरी यायची. त्यांची कव्हरं माझ्या पुस्तकांना, त्यांचे कागद फळीवर भांड्यांखाली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. मामी मला 'पत्रकवाली' म्हणायची. "आली बघा पत्रकवाली, पायातल्या चपला सरळ ठेवत न्हाय आणि सरकार सरळ करायला निघालीय!" मी शाळेत शिकवायला लागले तरी हे नाव सुटलं नाही.

मोठं सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, येऊन आमची घरं उडाली, त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. एका रविवारी मामी संडासातून बाहेर आली आणि अंगणातच खाली बसली. मामा घाबरला. मी हट्टच धरला की आता फ्लाक गावच्या डॉक्टरकडे जायचं. त्याच्याशी बोलायला फ्रेंच लागे, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टर तरुण होता, विलायतेत शिकून आलेला, बोलायला मऊ. त्यानं पोट दाबून पाहिलं, पुष्कळ प्रश्न विचारले. मी इकडचं तिकडे करत होते. तो म्हणाला, आतड्याची सवय मोडली आहे, आणि त्याला पेटके येतात. रेच आजपासून पूर्ण बंद. "दमलेल्या बैलाला चाबूक मारत राहिलात तुम्ही," तो म्हणाला. मामीनं मान डोलावली, बैल तिला पटला. मग त्यानं औषधं लिहिली. झोपताना घ्यायला वंगणासारखं बिनवासाचं पांढरं पॅराफिन. जेवणाबरोबर मूठभर गव्हाचा कोंडा. पेटक्यांसाठी बेलाडोनाचे थेंब, दिवसातून तीनदा. आणि भरपूर पाणी.

"दिवसभरात पाणी किती पिते?" त्यानं विचारलं.

मामीला पाण्याचा शब्द तेवढा कळला. ती मला म्हणाली, "सांग त्याला, व्रत हाय."

मी सांगितलं. डॉक्टरनं टाक खाली ठेवला, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि आदरानं म्हणाला, "धर्माच्या बाबतीत मी पडत नाही. मग त्यांनी घरी आल्यावर प्यावं, संध्याकाळी." शेवटी त्यानं बजावलं की शौचाचा वेग आला की लगेच जायचं, कधीही दाबून धरायचा नाही, निम्मा आजार दाबून धरण्यानंच होतो.

बाहेर रस्त्यावर आल्यावर मामी एवढी हसली की तिला पोट धरावं लागलं. "लगेच जा म्हणं! जसा काय सिरदार त्याचा मेव्हणा हाय!"

पहिले काही आठवडे मामीनं औषधाची चेष्टा केली आणि ते नेमानं घेतलंही. कोंडा आमच्याकडे गाईला घालतात. ती गोठ्यातल्या पाटीतून आधी स्वतःची मूठ उचलायची आणि गाईला म्हणायची, "तू रागावू नको गो, डागतरनं मला तुझ्या पंगतीत बसवलंय." थेंबांनी कळा थांबल्या, हे खरं. ती चुलीपुढे ताठ बसायला लागली. पण पोट अधिकच घट्ट झालं. कोंडा पाण्यावाचून आत जाऊन चिखलाच्या गोळ्यासारखा बसत होता. आणि तोंड कोरडं पडायला लागलं. इतकं, की बोलताना जीभ टाळूला चिकटल्याचा आवाज यायचा. रानात ती चिंचोका तोंडात धरून काम करायची. पाणीवाली आली की हात मात्र आडवाच.

कूप संपत आला होता. कूप म्हणजे तोडणीचा हंगाम. तो लांबला की ऊन डोक्यावर येतं. पुरुष ऊस तोडून पुढे जात आणि बायका मागून पाचट उचलून ओळीनं लावत. तोडलेल्या रानात माणसाच्या गुडघ्याएवढाही आडोसा उरत नाही. त्या दिवशी मामी पाचटाचा भारा उचलताना तशीच उभी राहिली आणि आईला हाका मारायला लागली. तिची आई मरून कितीतरी वर्षं झाली होती. बायकांनी अंगाला हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही. मग ती पडली.

मी शाळेतून धावत इस्टेटीच्या दवाखान्यात पोचले तेव्हा मामा तिच्या खाटेशी उभा होता आणि नोकर तो पेला घेऊन येत होता. तोच पेला. मामा जन्मात कुणाला उलटून बोलला नव्हता. त्यानं तो पेला त्याच्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला. "आता दुसरा आण," तो म्हणाला, "तोही ओततो. आणत जा तू."

तिला ओल्या चादरीत गुंडाळून, चमच्याचमच्यानं पाणी पाजून परत आणलं. फ्लाकचा डॉक्टर माझ्या विनंतीवरून येऊन गेला. त्या थेंबांनी जसं तोंड सुकतं तसाच घामही सुकतो, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाला घाम आला नाही तर अंग आतल्या आत पेटतं, असं त्यानं मला समजावलं. थेंब बंद केले. "ही रानात काम करते हे मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पण तिचे हात त्याच्या टेबलावर होते. पाचटानं चिरलेले, नखांत काळी माती भरलेले ते दोन हात, तो प्रश्न विचारत होता तितका वेळ त्याच्या डोळ्यांपुढे होते.

मामी हिंडू-फिरू लागल्यावर मी एकदा सकाळी तिच्याकडे गेले. ती ओसरीवर ब्रेद निवडत होती, आमच्याकडची पालेभाजी. मी सरळ म्हटलं, "मामी, देव असलं व्रत मागत असेल तर मला तो देव नको. मोड ते."

तिनं देठ मोडता मोडता सांगितलं, "मोडायला ते हाय कुठं?"

मी तिच्यापुढे पायरीवर बसले.

"लगीन होऊन आले, त्या साली रांगेत लावलं मला. तुझ्यापेक्षा ल्हान होते. लागली म्हणून उसात शिरायला निघाले. ऊस लांब होता, मधलं सगळं रान मोकळं. सिरदारानं नाव घेऊन हाक मारली. सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी. 'राणीसाहेब कुठं निघाल्या? पालखी पाठवू?' बाप्ये हसले. तुझा मामा पण तिथंच होता, त्यानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी गेले, पुन्हा हाक. मग मी पाणीच सोडलं. पाणीवालीनं डबा पुढं केला, मी म्हटलं उपास हाय. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, आज पण उपास? म्हटलं, हो. तिसऱ्या दिवशी तिनंच दुसरीला सांगितलं, हिचं व्रत हाय."

"आणि तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? माझं मुतणं अडलंय म्हणून?" तिनं आणखी एक देठ मोडला. मग खाली बघत म्हणाली, "आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं गो. जी हाक ऐकून बाप्ये हसले, तेच बाप्ये मला कलश घेऊन पुढं चल म्हणत होते. मी अंगठाबहाद्दर बाई, मला दुसरं काय मिळणार होतं?"

मी वडिलांकडे गेले. त्यांना म्हटलं, मजुरी आणि तास यांच्या खाली एक ओळ घाला: रानात बायकांना जाण्याची सोय, आणि रांग सोडण्याची मोकळीक. वडील चांगले होते, निर्भय होते. मुकादमाला तोंडावर बोलायचे. पण त्यांचे कान लाल झाले. "असल्या गोष्टी छापत नाहीत," ते म्हणाले. तो कागद माझ्या हातात तसाच राहिला. ज्या चळवळीनं मला वाचायला शिकवलं, तिला माणसाचं शरीर गळ्यापासून वर तेवढंच दिसत होतं, आणि खाली दिसलंच तर फक्त पोटाची भूक दिसत होती. ती भूक पुरुषालाही असते म्हणून दिसत असावी.

मामी रानात परत गेली आणि हात परत आडवा झाला. तिनं मधला मार्ग काढला: घरी आल्यावर तांब्यामागून तांब्या पाणी, झोपताना पॅराफिन. पण दिवसभराचा वेग दाबलेला असायचा. संध्याकाळी तो येतच नसे. डॉक्टरचा कागद बरोबर होता; तो फक्त दार असलेल्या माणसासाठी लिहिलेला होता.

पुढच्या हंगामाआधी किसनाचं लग्न झालं. सून शमें ग्रेनिए गावची, पार्वती. गोल चेहऱ्याची, मन लावून काम करणारी. निर्जळी मामीच्या घरात पडल्याचा तिला केवढा अभिमान! रानात गेल्यावर पाणीवाली आली, की सासूच्या शेजारी उभी राहून तीही तळहात आडवा धरायची. मामी चिडली. "तू पी. तुला न्हाय करायचं हे."

"तुम्ही केलं म्हणून घर चाललंय," पार्वती म्हणाली. "मी पण करते. आता दोघांपुरतं पुण्य लागंल ना मला." तिचं पोट दिसायला लागलं होतं. तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघी नव्या सुनांनी पाणी सोडलं. त्यांच्या सासवा कौतुकानं सांगत फिरायला लागल्या.

ऑगस्टच्या एका शनिवारी मी तिथेच होते. पार्वतीनं फळीवरची एरंडेलाची बाटली काढली, चमचा भरला. तिलाही आता तोच त्रास सुरू झाला होता, आणि घरातली रीत तिनं डोळ्यांनी पाहिली होती. मामीनं चुलीपासून उठून तो चमचा तिच्या हातातून उडवला. तेल भिंतीवर उडालं.

"पोटुशी बाई एरंडेल घेते? पोर पाडायचंय तुला?"

"तुम्ही न्हाय का घेत, आत्ती?" पार्वती रडायला लागली. "लघवीला आग होते. पोट दगडासारखं झालंय. मी कुणाला सांगू? व्रत मोडलं तर बाळाला काय झालं म्हणजे?"

मामी भिंतीवरून ओघळणाऱ्या तेलाकडे बघत राहिली. "आयो, माझ्या देवा," एवढंच ती म्हणाली. 

गणपतीच्या दिवशी नदीकाठी आरती झाली. अप्पांनी रिवाजाप्रमाणे कलश मामीच्या पुढे केला. वस्तीतली सगळी माणसं होती, बाप्ये एका बाजूला, बायका एका बाजूला. मामीनं कलश घेतला आणि जमिनीवर ठेवला. शेजारच्या मुलाच्या हातातला पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि उभ्यानं, घटाघटा, गळ्यावरून ओघळेपर्यंत प्यायली.

"माझं व्रत बित काय न्हाय," ती म्हणाली. "कधी नव्हतं. रानात बसायला जागा न्हाय आणि निघालं की सिरदार हाका मारतो, म्हणून पाणी सोडलं. तुम्ही त्याला व्रत म्हटलं, मी गप बसले. आता माझी सून पोटात पोर घेऊन तेच करतेय. ज्या पोरींनी माझं बघून पाणी सोडलंय त्यांनी आत्ता प्या. इथंच."

ढोलकीवाल्याच्या हातून ढोलकीवर उगाचच एक थाप पडली. अप्पा पुढे आले. "मामी, देवासमोर असलं बोलू नये."

"मग कुणासमोर बोलू? तुमच्या सभेत बोलू? या देवानं मला कधी म्हटलं न्हाय पाणी पिऊ नको."

आता सगळ्या बायका रडल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बायकांतली सखूआक्का पुढे आली. "माझ्या तिन्ही पोरींना तुझ्या पाया पडायला लावलं मी. बोंद्ये, देवा रे! मुतायला लाजत होतीस म्हणून तुझ्या पाया पडलो आम्ही? फसवलंस तू आमाला."  कलश सखूआक्काच्याच डोक्यावर गेला आणि मिरवणूक काठाकाठानं विसर्जनाच्या जागेकडे निघाली. मागे राहिलेल्यांत मामा होता, मी होते, आणि पार्वती. पार्वती नदीच्या काठावर बसून पाणी प्यायली आणि मग ओकली. मामी तिची पाठ चोळत होती.

निर्जळी हे नाव गेलं. पोरांनी दुसरं ठेवलं, ते मी लिहिणार नाही. अंगणातून जाताना ते ओरडत. माझ्या बापाच्या बैठकेत शिकणारी पोरं.

पण सोमवारी काय झालं ते लिहायलाच हवं. मी पाहिलेलं नाही, मला पार्वतीनं सांगितलं. डबा आला, मामी प्यायली. थोड्या वेळानं तिनं पाचट खाली टाकलं आणि सिरदाराला सांगितलं, "मी जाते." त्यानं काठी बगलेतून काढली आणि ती जुनी हाक दिली, पालखीची. पुरुष हसले. मामी चालत राहिली. तेवढ्यात पार्वतीनं भारा टाकला, सासूच्या मागे गेली, सिरदाराकडे पाठ करून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. मग पाणी सोडलेल्या त्या नव्या सुनांपैकी एक गेली. मग पाणीवाली, डबा खाली ठेवून. आणि मग, कपाळाला आठ्या घालून, मामीकडे न बघता, सखूआक्का. मोकळ्या रानात लुगड्यांची एक भिंत उभी राहिली. सिरदार ओरडत होता. पण ओरडायचं कुणाच्या नावानं? त्याच्यासमोर नुसत्या पाठी होत्या.

त्यानंतर आमच्या टोळीत ती रीत पडली. कुणाला जायचं झालं की ती "आड!" म्हणून ओरडते आणि जवळच्या बायका उठतात. इस्टेटीनं आजतागायत काही बांधलेलं नाही. त्याबद्दल मी स्वतः लिहून, स्वतः छापवून पत्रक काढलं. वडिलांनी ते वाचून दाखवलं नाही, पण वाटलं. पार्वतीला मुलगी झाली, धडधाकट.

मामीचं आतडं मात्र सुधारलं नाही. उशीर झाला होता. ती पाणी प्यायची, पॅराफिन घ्यायची, वेग आला की उठायची. पण इतकी वर्षं मारलेला वेग धड येईना. कळा परत आल्या. दोन-तीन वर्षं ती अशीच तगली, वाळत गेली आणि चेष्टा करत गेली. एका सकाळी पोट एकदम फुगलं, उलट्या थांबेनात. तिला मोठ्या इस्पितळात नेलं. आतड्याला पीळ पडला होता. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून तो तात्पुरता सोडवला आणि सांगितलं, पोट उघडावं लागेल.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दुपारी तिच्याजवळ मी होते. नळीनं मोकळी झाल्यामुळे ती जरा हुशार दिसत होती. "मला जरा घेऊन चल," ती म्हणाली. मी तिला धरून वॉर्डाच्या टोकाशी नेलं. पांढऱ्या फरशीचा संडास, वर छोटी खिडकी. ती आत गेली, दार लावलं, कडी सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर थांबले.

पुष्कळ वेळ झाला. मला भीती वाटली, मी दारावर टकटक केलं. "मामी, बरी आहेस ना? होतंय का काही?"

"न्हाय गो, होत बित काय न्हाय."

"मग ये ना बाहेर. दमशील."

 दुसऱ्या दिवशी ती त्या टेबलावरून परत आली नाही, म्हणून त्यानंतरचं तिचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं. दारामागून तिचा आवाज आला, अगदी निवांत, जशी ती ओसरीवर भाजी निवडत बसली असावी.

"बसू दे, पत्रकवाली. कुणी हाक मारत न्हाय. जरा बसू दे."